मामाचा डावा हात

माझा मामा सुऱ्यांच्या कारखान्यात पोलाद तपासायचा. एक पातं घट्ट आवळून तुटेपर्यंत वाकवायचं, म्हणजे चिवटपणा कळतो. त्याच पोलादाच्या दुसऱ्या पात्यानं जाड दोर कापत राहायचं, म्हणजे धार किती टिकते ते कळतं. धार मोजायला यंत्र होतं, पण मामाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो डाव्या हातावरचे केस भादरून बघायचा. त्यामुळे उजवा हात अस्वलाचा आणि डावा तान्ह्या बाळाचा! मला लहानपणी याचं फार कौतुक होतं, मामीला मात्र अजिबात नाही.

"अहो, चारचौघांत निदान लांब बाह्यांचा शर्ट तरी घाला," ती करवादायची.

मामा निवृत्त झाला, डाव्या हातावर केस उगवले आणि मामी सुखावली.

परवा मी जेवायला गेले, तर मामा गाल फुगवून बसलेला.

"नवी सुरी आणलीय, पण ही मला हात लावू देत नाही," त्यानं गाऱ्हाणं मांडलं.

"हो, म्हणजे परत हात भादरत बसाल!" मामी म्हणाली. "सुरी झकास आहे. सकाळपासून चिरतेय, पण धार तसूभर कमी झालेली नाही."

"तुला गं कसं कळलं?" मामानं विचारलं.

"कळलं!"

ती मला वाढायला वाकली, तशी तिची बाही वर सरकली. मनगटाच्या वर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा होता.

तिनं झटकन बाही खाली ओढली आणि न मागता मला दुप्पट भाजी वाढली.