काकूंचे हात थांबले पाहिजेत

रेसकाकांच्या लेखाची परीक्षा संपादकाच्या आधी अंबाडीच्या भाजीसमोर व्हायची. काचीगुड्यातल्या घरी काकू भाजी निवडायला बसल्या की काका समोर खुर्ची ओढत आणि मोटारींच्या शर्यतीवरचा नवा लेख मोठ्यानं वाचत. नजर कागदावर कमी, काकूंच्या हातांवर जास्त. हात चालूच राहिले की तेवढ्या मजकुरावर काट. थांबले की वाक्य पक्कं. "हिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. हीच खरी वाचक!" असं ते मला सांगत. मी शेजारची, लिहायला शिकायचं म्हणून त्यांच्याकडे जाऊन बसायची.

जन्मभर त्यांनी शर्यतींवरच लिहिलं. चेन्नई, कोइमतूरहून परतले की कपड्यांना पेट्रोलचा वास आणि कानाला दडे. कोण जिंकलं हे मात्र एका ओळीत उरकत. म्हणत, "जिंकणाऱ्याचा फोटो येतोच की. आपण चाक बदलणाऱ्याकडं बघावं."

काकू बाहेरगावच्या शर्यतीला एकदाच सोबत गेल्या, त्याही कानांत कापूस घालून. काका तासभर ओरडून समजावत राहिले, काकूंना एक शब्द ऐकू आला नाही. परतताना त्यांनी विचारलं, "हे सगळे फिरून इथंच येणार होते, तर निघालेच कशाला?" काका इतके खूष झाले की ते वाक्य त्यांनी आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीसाठी राखून ठेवलं.

त्या पुस्तकात त्यांचा जीव अडकला होता. मराठीत शर्यतींवर कोण वाचणार, म्हणून प्रकाशक वाटेला लावायचे. अखेर एकजण तयार झाला. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि काकांच्या तब्येतीचा भरवसा नव्हता. तेवढ्यात आपल्याच शहरात, तलावाकाठच्या रस्त्यावर विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. काका हट्टानं काकूंना घेऊन गेले.

आल्यावर प्रकरण लिहून वाचायला बसले. त्यात वेग होता, थरार होता, शहराचा गौरव होता. काकूंची अख्खी जुडी निवडून झाली तरी हात थांबले नाहीत.

"चांगलं हाय की," काकू म्हणाल्या. "भारी भारी शब्द घातलेत."

काकांचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. "काका, प्रकाशक घाई करतोय. असंच पाठवू या."

"नक्को गं. हात कुठं थांबले?"

दुसऱ्या दिवशी ते एकच पान घेऊन आले. "या गाड्यांना आवाज फार कमी," त्यांनी वाचलं. "मागं एकदा शर्यतीत मी हिच्या कानाशी ओरडलो होतो, तिला काही ऐकू आलं नव्हतं. या खेपेला गाड्या समोरून जात असताना मी साध्या आवाजात विचारलं, ऊन लागतंय का? ही म्हणाली, नाही, बरं वाटतंय."

काकूंच्या हातातली काडी हातातच राहिली. "अहो, हे कशाला लिहिलंत? लोक काय म्हणतील!"

काकांनी पेनाला टोपण लावलं. पुस्तक तिथंच संपलं.

ते पुस्तक काखेत मारून काका वर्षभर मिरवले, हिमायतनगरच्या दुकानदारांनाही त्यांनी सोडलं नाही. मग एका दुपारी शांतपणे गेले.

काकू आता कुकटपल्लीला लेकीकडे असतात. मी लिहिलेलं अजून त्यांनाच आधी वाचून दाखवते. परवा हेही नेलं होतं. काकांचा मोठेपणा सांगणारा एक परिच्छेद यात होता. मला तो फार आवडला होता, पण भाजी निवडणं चालूच राहिलं, म्हणून काढून टाकला. 'ऊन लागतंय का'पाशी मात्र हात थांबले. बराच वेळ थांबले. मग मीही पुढं वाचलं नाही.