मुक्तिदिनाची खीर

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेत दाराशी दिनविशेषाचा फळा होता. कुठला तह, कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, सगळं एका तारखेखाली. तो लिहायचे चित्रकलेचे सर. सतरा सप्टेंबरचा, मुक्तिदिनाचा फळा मात्र ते आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी रजा घेत.

आम्हा शिक्षकांच्या खोलीत टोमणे चालत. ‘सरांचा ताप लई हुशार, तारीख बघून येतो.’ अठराला सर डबाभर खीर आणत. ‘मुक्तिदिनाची खीर’ म्हणून टोमणे मारणारेच ती चाटूनपुसून खात.

खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. वैजापूरच्या एसटीत सरांनीच सांगितलं होतं. अठ्ठेचाळीस साली फौज शिरली, त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत त्यांचे वडील करमाडहून निघाले, ते घरी पोचलेच नाहीत.

“आमच्यात वर्षाची फातेहा, गेलेल्याच्या नावानं दुवा नि खीर, चांदाच्या तारखेनं होते,” सर म्हणाले. “पण अब्बा कधी गेले तेच कळलं नाय. झेंडा लागला, एवढी एक तारीख अम्मीच्या हाती राहिली.”

त्याच तारखेला आमच्या घरी पुरण असे. माझे आजोबा मुक्तीच्या लढ्यात तुरुंगात गेलेले.

पुढं मी पर्यवेक्षक झालो. त्या वर्षी झेंड्याला सगळ्यांनी हजर राहायचं, असं मुख्याध्यापकांनी बजावलं. सरांची अम्मी तेव्हा अंथरुणाला लागलेली. ही फातेहा आपली शेवटची, असं ती म्हणायची, आणि मुलगा बसल्याशिवाय ती कुणाला सुरूही करू देत नसे. सर म्हणाले, “साहेबांना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून वेगळंच ऐकू जाईल.”

मुख्याध्यापकांनी मला विचारलं, ह्यांची अडचण काय? मी म्हणालो, काही कल्पना नाही. आजोबांच्या दिवसाला दुसरी बाजू आहे, हे माझ्या तोंडून निघेना. आपल्याकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतील, ही भीतीही होतीच.

सर आले. झेंड्याला सलामी दिली, भाषणं ऐकली, मुलांना बक्षिसं वाटली. घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अम्मी वाट बघून ग्लानीत गेली होती. फातेहा झाली, पण ती तिच्या कानी पडली की नाही, कोण सांगणार. पुढं थंडीत ती गेली.

झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी, अठराला, सरांनी डबा माझ्यापुढं ठेवला.

“घ्या सर. रात्री अम्मीला जरा शुद्ध आली, तेव्हा तुमची वेगळी काढायला लावली. तिला वाटतं तुमच्यामुळं सुटी मिळाली.” डब्याचं झाकण काढत ते म्हणाले, “मीच तसं सांगितलं.”

मी ती खीर खाल्ली. सगळी.