सातवे ब्लेड

कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे तो म्हातारा अठरा वर्षे दर मंगळवारी दाढीला जात होता. पण त्या न्हाव्याबद्दल त्याला काय ठाऊक होते, असे कुणी विचारले असते तर उत्तर चार ओळींत आटोपले असते. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याला बायको होती. एकदा तिचा फोन आला तेव्हा "अगं, हात ओले आहेत," एवढेच तो बोलला होता. मुले किती, घर कुठल्या बाजूला, काही पत्ता नाही. म्हातारा जन्माचा बुजरा. आज विचारू म्हणून जाई, आणि तोंडाला फेस लागला की सुटल्यासारखे त्याला वाटे.

बोलण्याचे खाते उस्तादकडे होते. "काका, तुमच्या डोक्यावर कंगवा फिरवायचा म्हणजे, वाट विचारायला वाटेत माणूसच भेटत नाही," असे तो म्हणे, आणि म्हातारा आरशात हसे.

पहिल्याच खेपेला म्हाताऱ्याच्या गळ्यावर पुरळ उठले होते. पुढच्या मंगळवारी त्याने चाचरत सांगितले की मला ब्लेड मानवत नाही, वस्तराच बरा. उस्ताद क्षणभर थांबला, मागच्या खोलीत गेला आणि वडिलांचा जुना वस्तरा उकळून घेऊन आला. तेव्हापासून तेच चालू राहिले. इतरांना ब्लेड आवडते, आपल्याला वस्तरा, यापलीकडे म्हाताऱ्याने कधी विचार केला नाही.

एका मंगळवारी दाढी झाली होती आणि उस्तादने त्याच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला होता. तेवढ्यात नगरपालिकेच्या निरीक्षक बाई आल्या. म्हाताऱ्याला दिसत काहीच नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख, प्रथमोपचाराची पेटी, उस्तादच्या तब्येतीचा दाखला, औषधी पाण्यात बुडवलेल्या कात्र्या, सगळे त्यांनी पाहिले. दुकान अगदी लख्ख ठेवलंय, असे त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी दाढ्यांची वही मागितली आणि वापरलेल्या ब्लेडांचा डबा कागदावर रिकामा केला. डबा रोज सकाळी रिकामा करायचा नियम होता. चिमट्याने एकेक ब्लेड बाजूला सरकल्याचा बारीक आवाज म्हाताऱ्याने ऐकला.

"वहीत सकाळपासून सात दाढ्या आहेत. ब्लेडं सहाच. सातवं कुठंय?"

पडलं असेल कुठेतरी, एवढे म्हटले असते तरी भागले असते. वहीत सातवी दाढी लिहिलीच नसती तर प्रश्नही आला नसता. पण उस्ताद लिहायचा ते खरेच लिहायचा.

"सातवं नाही, बाई. वस्तरा आहे." आणि तो आत जाऊन वस्तरा घेऊन आला.

बाई हळू आवाजात म्हणाल्या की दोन वर्षांपूर्वी याच वस्तऱ्यावरून तुमच्या नावावर नोंद झाली आहे. तेव्हाच सांगितलं होतं, दुसऱ्या नोंदीला परवाना रद्द होतो.

टॉवेलखाली म्हातारा हिशेब करू लागला. दोन वर्षे! शंभर मंगळवार तरी झाले असतील. या माणसाने एका शब्दाने सांगितले नव्हते.

"कुणाच्या सांगण्यावरून वापरता?"

"कुणाच्या नाही. माझ्याच हाताची खोड आहे."

बाईंनी गिऱ्हाइकाला काही सांगायचे आहे का, असेही विचारले. म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. टॉवेल आता गार पडला होता. त्याने मान हलवली, कशी हलवली ते त्यालाही कळले नाही. पेन कागदावर चालले, उस्तादने सही केली, बाई गेल्या.

उस्तादने टॉवेल उचलला. म्हाताऱ्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. एरवी तो दाराबाहेरच चष्मा काढून खिशात ठेवी आणि पैसे देऊन रस्त्यावर आल्यावरच परत लावी. आरशाशेजारी अठरा वर्षे जो पांढरा चौकोन अंधूक दिसायचा, ती नियमांची पाटी होती. चौथा नियम ठळक होता: दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड, उघडा वस्तरा वापरण्यास मनाई. आणि म्हाताऱ्याने जन्मभर काम केले होते छापखान्यात, प्रुफे वाचण्याचे.

दुसऱ्या दिवशी तो नगरपालिकेत गेला आणि त्याने लिहून दिले की चूक माझी आहे. कारकुनाने कागद घेतला आणि सांगितले, आजोबा, दुकानवाल्यांनी स्वतःच परवाना सकाळी आणून दिला. दुकानाला कुलूप होते. घर कुठे, हे विचारायला म्हाताऱ्याला कुणी माहीत नव्हते. उस्ताद त्याला पुन्हा दिसला नाही.

त्या मंगळवारी, बाई गेल्यावर, खुर्चीतून उठताना म्हाताऱ्याला माफी मागायची होती. उस्ताद त्याची हनुवटी बोटाने वर करून उजेडात पाहत होता.

"काका, इथं खाली जरा राहिलीय. नव्या ब्लेडनं घेऊ का?"

"राहू दे."

"बरं."