एकताचे पप्पा

तीर्थपुरीच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे, आणि समोर बजरंगलाल शेठचं साड्यांचं. वर त्यांचं घर. शेठ हट्टी माणूस. गिऱ्हाइकाने गठ्ठाभर साड्या उलगडायला लावून एकही घेतली नाही तरी हसून चहा पाजतील, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही.

शेठच्या बायकोचं, प्रेमबाईंचं, विसरणं सुरू झालं तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. आधी गॅसवरचं दूध विसरायच्या, मग माणसं विसरू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. शेठ दवाखान्यातून थेट माझ्याकडे आले.

"अप्पाराव, मोबाईलमधी आमच्या घरचं एक पुस्तक करून द्या. नावावर बोट ठेवलं की त्या माणसाची सगळी माहिती निघाली पाहिजे."

मी त्यांना विकी दाखवलं. विकिपीडियाचं धाकटं भावंडच ते. फुकट मिळतं, आणि इतकं हलकं की माझ्या अडगळीतल्या कॉम्प्युटरवरही चाललं. आपण पानं लिहायची, एका पानातून दुसऱ्यावर जायची वाट ठेवायची. कुणी काय बदललं त्याची नोंद आपोआप राहते. घरच्या वायफायवर ते प्रेमबाईंच्या मोबाईलमध्येही उघडायचं. शेठ दुपारी माझ्याकडे बसून एका बोटाने टाइप करायचे आणि प्रश्न विचारून माझं डोकं उठवायचे. पण महिन्याभरात व्याही, शेजारी, दूधवाला, सगळे फोटोसकट पानांवर आले.

स्वतःच्या पानाला त्यांनी 'बजरंगलाल' असं नाव दिलं आणि तिथेच गाडं अडलं. प्रेमबाई सगळं विसरल्या, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे विसरल्या नव्हत्या. त्या नावावर बोटही ठेवेनात. शेवटी शेठनी पानाचं नाव बदलून 'एकताचे पप्पा' केलं. आता त्या ते पान आवडीने उघडू लागल्या, आणि तिथून पुढे एकताच्या पानावर जाऊ लागल्या.

एकता त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरीला होती, तिथेच डेंग्यूने गेली. शेठनी पानावर खरं तेच लिहिलं होतं. प्रेमबाई ते रोज नव्याने वाचायच्या आणि रोज हंबरडा फोडायच्या. तो आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा, हातातलं काम तसंच राहायचं. आठवडाभर शेठनी सोसलं. मग त्यांनी पान बदललं. 'एकता पुण्यात नोकरी करते. दिवाळीला येणार आहे.'

"शेठ, हे बराबर न्हाई," मी म्हणालो.

"मंग काय करू? तिची पोरगी रोज मरून राह्यली. माझी एकदाच मेली."

निदान प्रेमबाईंना बदलता येणार नाहीत अशी पानं बंद करून ठेवा, चुकून काही पुसलं जाईल, एवढं मी सांगून पाहिलं.

"तिचंच घर हाय अप्पाराव. तिच्याच घराला कुलूप लावू का?"

रडणं थांबलं. प्रेमबाई खिडकीत शांत बसू लागल्या. शेठ मात्र खंगत गेले. बायकोसमोर दिवसभर मुलीच्या नोकरीच्या गप्पा रचायच्या, तिला बढती मिळाली म्हणायचं, तिचा फोन आल्ता म्हणायचं. पोटची पोर गेली आणि या माणसाला आपल्याच घरात धड रडता येईना. मला त्यांची दया यायची आणि त्या कॉम्प्युटरचा रागही यायचा.

परवा दुपारी ते आले. मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

"हे बघा. मी न्हाई लिहिलं."

एकताचं पान होतं. मी बदलांची नोंद उघडली. बदल प्रेमबाईंच्या मोबाईलवरून झाला होता. एके काळी दुकानाचे सगळे मेसेज त्याच टाकायच्या, बोटांना सवय राहिली असेल. कधी तरी घटकाभर त्यांचं डोकं लख्ख झालं असेल. शेठच्या ओळी त्यांनी पुसल्या नव्हत्या. त्याखाली लिहिलं होतं:

'एकता वारली. तिच्या पप्पांना कुणी सांगू नका. ते अजून तिची वाट बघतात.'