नऊ डोळ्यांची वही

ग्रंथालयाच्या दिवाळी अंकात मी लिहिले होते की, शिकाऊ असताना चिमटा हाती आला त्या पहिल्याच दिवशी मी मृताचे दोन्ही डोळे काढले. ते खरे नाही. डावा मी काढला. उजव्याच्या वेळी माझा हात थरथर कापू लागला आणि तो बाईंनी काढला. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात तीच चूक पुन्हा जाऊ नये, म्हणून हे आधी सांगते.

द्वारकाबाई तेंडोलकर मुंबईच्या नेत्रपेढीत परिचारिका होत्या. मालवणात परतल्यावर त्यांनी इथल्या दवाखान्यातून नेत्रदानाचे काम सुरू केले. मी त्यांना प्रथम पाहिले ते मासळीबाजारात, बर्फ मागताना. मासे न घेता बर्फ कशाला, असे मासेवालीने विचारले. डोळे बोटीने मुंबईला धाडायचे आहेत, असे बाईंनी सरळ सांगितले. तिने स्वच्छ बर्फ निवडून दिला.

माझे सुरुवातीचे शिक्षण घरीच वडिलांपाशी झाले. परक्या माणसांशी बोलायची मला धास्ती वाटे. मी त्यांच्याकडे हे काम शिकू लागले तेव्हा बाईंनी माझ्या हाती चिमटा देण्याआधी मला लोकांच्या घरी नेले. एका घरी नुकताच नवरा गेलेल्या आजींनी विचारले, "पुढल्या जन्माक तो आंधळो इलो तर?"

"माका ठावक नाय गो आये," बाई म्हणाल्या. "पण ह्या जन्मात कोणाक तरी दिसतला."

आजींनी होकार दिला. काम झाल्यावर बाईंनी पापण्यांखाली कापूस नीट बसवला आणि चेहरा पाहायला सर्वांत आधी आजींनाच बोलावले.

मुंबईच्या प्रमाणपत्रासाठी स्वतःच्या हाताने काढलेल्या दहा डोळ्यांची नोंदवही लागते आणि तिच्यावर बाईंची सही लागते. माझी वही दहावर आली होती. दिवाळी अंक वाचून बाईंनी ती उघडली आणि सही न करता माझ्यापुढे ठेवली. पहिल्या दिवशीचा उजवा डोळा कोणी काढला, एवढेच विचारले. सुरुवात मीच केली होती, असे मी पुटपुटले.

"हात कापलो तेची लाज धरू नको," त्या म्हणाल्या. "पण मुंबयचो डॉक्टर तुका बघणा नाय, तू डोळ्याबरोबर धाडतंस ती चिठ्ठी बघता. ती वाचून तो जित्या माणसाच्या डोळ्याक हात लावता."

मी ती नोंद खोडली. नऊ उरले. बाईंनी त्या नऊंखाली तत्काळ सही केली. माझा चेहरा पाहून त्या हसल्या. स्वतःच्या नेत्रदानाचा अर्ज त्यांनी कधीच भरला आहे. "दहावो माझो काढ. पण थांबाचा लागतला."

ते थांबणे फार फार लांबो. बाईंचे हात असेच स्थिर राहोत आणि त्यांनी आमच्या चुका अशाच पकडाव्यात, ही माझी प्रार्थना. दहाव्या डोळ्यासाठी मी त्यांची वाट पाहणार नाही. त्यांचा सत्कार रविवारी आहे. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नऊ नोंदींची वही घेऊन मी मुंबईच्या बोटीत बसेन आणि दहावा तिथल्या डॉक्टरांसमोर काढू द्या, अशी विनंती करीन.