बिब्ब्याचा डाग

मोठी माय गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीकडच्या एका गावात, एका अनोळखी घरात फॉर्म भरून घेत होते. तिचा मुलगा विलास बोलत होता. "माय गेली वं ताई..." एवढंच तो म्हणाला. मी फॉर्म पूर्ण केला, सही घेतली आणि मगच उठले. महिना होऊन गेला, पण त्या सहीचा मला अजून राग येतो.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली, तेव्हा केळापूरजवळच्या आमच्या गावात तिनेच मला वाढवलं. कापूस ती दोन्ही हातांनी वेचायची, आणि तोंडही हातांच्या बरोबरीने चालायचं. पुढे मी नागपूरच्या एका संशोधन गटात नोकरीला लागले. त्वचेचा एक दुर्मिळ कॅन्सर आहे. आपल्या लोकांत तो तळव्यावर किंवा नखाखाली काळा डाग होऊन येतो. त्याच्या जनुकांचा अभ्यास जगात बहुतेक गोऱ्या माणसांवर झालेला, आमच्याकडच्या माणसांच्या पेशींत नेमकं काय बिघडतं ते फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. गावोगाव तळवे पाहायचे, शंका आली की माणसाला दवाखान्यात न्यायचं, गाठीचा तुकडा आणि रक्त अभ्यासाला द्यायला तो राजी असेल तर संमतीपत्र वाचून दाखवायचं, हे माझं काम. कापसाची ती वाईट वर्षं होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. फॉर्म घेऊन कुणी गावात शिरलं की लोक आधी हळूच विचारायचे, "कोनाच्या घरी झालं?" मी म्हणायचे, पाय दाखवा. मोठ्या मायला याची गंमत वाटायची. "इतकी शिकली, आन् लोकायचे पाय पाहून राह्यली काय वं?"

तिच्याकडे गेले की मी वाकून पाया पडायचे. पाया पडताना तळवा कुठे दिसतो... पण एका दिवाळीनंतर ती पाय पसरून तूर निवडत बसली होती आणि मला तो दिसला. टाचेजवळ काळा डाग, कडा वेड्यावाकड्या. "हे काय?" मी विचारलं. "पऱ्हाटीचं खुट घुसलं होतं, बिब्बा लावला," ती म्हणाली. आमच्याकडे कापसाच्या झाडाचं खुट किंवा काहीही पायात रुतलं की बिब्बा तापवून त्याचं तेल जखमेवर लावतात, आणि त्याचा काळा डाग बराच काळ राहतो. असे डाग लहानपणापासून पाहिलेले. पिशवीत माझ्याकडे चित्रं होती, कडा वेड्यावाकड्या असतील तर दुर्लक्ष करू नका, हे मी दारोदार सांगत फिरत होते. मी चहा प्यायले आणि बस गाठली. परक्याचा पाय असता तर मी सोडला नसता. उन्हाळ्यापर्यंत तिथे जखम झाली, जांघेत गाठ आली, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार उशीर झालाय.

संमतीपत्र मलाच वाचावं लागलं. त्यात एक वाक्य आहे, की या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. एरवी ते मी भरभर वाचून टाकते. तिच्यासमोर मी त्या वाक्यावर थांबले.

"थांबली काहून? पुरं वाच."

मी वाचलं. तिने विचारलं, "मंग फायदा कोनाले होईन?"

"पुढच्या लोकांना. कदाचित."

"मंग घे तुकडा. आन् रडू नको, फारम ओला होईन."

सही झाल्यावर मी सांगून टाकलं, की डाग मी पाहिला होता. "मी तं रोजच पाहत होती," ती म्हणाली आणि कूस बदलली. तिने मला माफ केलं की नुसतं गप्प केलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी स्वतःला केलेलं नाही, एवढं मात्र ठाऊक आहे.

शेवटचे काही महिने ती ओसरीतल्या बाजेवर पडून असायची. वेचणीला निघालेल्या बायांना तिथूनच हाक मारायची, "ये वं, पाय दाखव." बाया हसायच्या, पण यायच्या. तेरवीला जेवणं उरकल्यावर शांताकाकू माझ्याजवळ आली. मोठ्या मायच्या जोडीने तिने जन्मभर वेचणी केलेली.

"तुह्या मोठ्या मायनं माहा पाय पाह्यलता," ती म्हणाली. "तुले दाखव म्हने. म्या म्हटलं, वेचनी होऊ दे."

"कधी पाहिला होता?"

"दसऱ्याले."

पौष संपत आला होता. अंथरूण काढलेली बाज ओसरीत तशीच होती. शांताकाकू तिच्यावर बसली, मी खाली बसले आणि तिचा पाय उजेडाकडे वळवला. डाग लहान होता. उद्या सकाळच्या बसने नागपूरला निघू, मी म्हटलं.

"आखरी वेचा राह्यला हाय वं."

"राहू दे, काकू," मी म्हटलं. पाय मात्र सोडला नाही.