न वाजणारा कॉम्प्युटर

तीन माणसांनी मिळून एक वस्तू घ्यायची ठरवली, की वस्तू यायच्या आधी किस्सेच घरात येऊन बसतात. आमच्याकडे ते इतके साठलेत, की पाहुणे आले की माझी मुलगी मयुरी म्हणते, "आई, कॉम्प्युटर दाखवू नकोस, नुसतं सांग."

मयुरी बारावी सायन्सला. आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ तिचं अभ्यासाचं टेबल. त्याच हॉलमध्ये ह्यांना शेअरचं ट्रेडिंग करायला कॉम्प्युटर हवा होता. भागीदार दोन, सोनावणे भाऊजी आणि हरीशभाई. तिघांनी सिल्वासातल्या एकाच धाग्याच्या फॅक्टरीत तीस वर्षं काढली आणि एकाच वर्षी रिटायर झाले. मी एकच अट घातली. "पोरीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत त्या मशीनचा आवाज येता कामा नये."

तिघांनी अगदी मनापासून मान्य केलं.

*

बाजारातला कल्पेश पार्ट जोडून कॉम्प्युटर बनवून देतो. त्याने कॉम्प्युटरच्या आत बसणारा एक पंखा चालू करून दाखवला. ह्यांनी कान जवळ नेला. "शांत आहे."

सोनावणे भाऊजी म्हणाले, "चालू तरी आहे का?"

हरीशभाई म्हणाले, "बहु सरस."

कल्पेश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकी, हा दुकानातला सगळ्यात जास्त वाजणारा पंखा आहे. फरक कळावा म्हणून आधी लावला."

मशीनांमध्ये उभं राहून तिघांचेही कान गेलेत, हे आम्हा बायकांना केव्हाचं माहीत आहे. त्या तिघांना अजून मान्य नाही.

पुढच्या वेळेपासून ऐकायला मयुरी जाऊ लागली.

*

पण ह्यांचे हात शाबूत आहेत. मयुरीने तीन मोठे, हळू फिरणारे पंखे पसंत केले. ह्यांनी प्रत्येकावर तळवा ठेवला आणि तिसरा बाजूला काढला. "ह्याचं बेअरिंग महिन्याभरात जाईल."

कल्पेश हसला, "काका, नवा आहे, कालच वापीहून आला."

त्याने तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावला. पाच आठवड्यांनी गिऱ्हाईक पंखा घेऊन परत आलं. आता नवा माल आला की कल्पेशचा फोन येतो, "काका, बाजारात आलात तर जरा हात लावून जा."

*

हरीशभाईंना सगळ्यात भारी प्रोसेसर आणि वर लाल-निळे दिवे लागणारं ग्राफिक्स कार्ड पाहिजे होतं. कल्पेशने समजावलं, की दोन स्क्रीनवर भाव बघायला कार्डची गरज नाही, उलट त्याचा पंखा वाजेल.

"पण पुढे काम वाढलं तर?"

मयुरी म्हणाली, "काका, तुम्ही तिघं मिळून एक शेअर घेता आणि महिनाभर त्याच्याकडे बघत बसता. एवढं बघायला हा पुरेल."

*

सोनावणे भाऊजी फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन. लाइट गेली तर कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून यूपीएस त्यांनी निवडला. कॉम्प्युटर घरी आला त्याच दिवशी यूपीएस तपासायला त्यांनी काही न सांगता घराचा मेन स्विच खाली ओढला. माझी चटणी मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेली. मी बाहेर आले तर तिघं स्क्रीनकडे बघत उभे.

"वहिनी, बघा, काही फरक पडला का?"

मी हातातलं मिक्सरचं भांडं दाखवलं.

*

कॉम्प्युटर सुरू झाला आणि खरंच वाजेना. पण तिघं वाजू लागले. ज्यांचे कान असे, त्यांचं साधं बोलणंसुद्धा जिन्याखाली ऐकू जातं. तिसऱ्या दिवशी मयुरी म्हणाली, "आई, कॉम्प्युटर एकदम छान आहे. आता ह्या तिघांसाठी कल्पेशभाईंकडे काही मिळतं का बघ."

तिघं ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फॅक्टरीतली जुनी सवय पुन्हा बाहेर काढली. तिथे मशीनच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हाताच्या खुणांनी बोलायचे. आता आमच्या हॉलमध्ये तेच सुरू झालं.

*

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली दुपार. मयुरी पहाटे चारपासून फिजिक्स घेऊन बसलेली. कित्येक दिवस तिला धड झोप नव्हती. बसल्या बसल्या वहीवर डोकं ठेवून ती झोपून गेली.

नेमका तेव्हाच तिघांचा शेअर वर जाऊ लागला. घेतल्यापासून तो खालीच होता. तीन महिने तिघं त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत होते. आज तो ठरलेल्या भावाला पोचला. सोनावणे भाऊजींनी खूण केली, विका. हरीशभाईंनी दोन्ही हातांनी केली. ह्यांनी माऊसवर बोट ठेवलं.

तो माऊस कल्पेशने फुकट दिलेला, म्हणून कोणी निवडलाच नव्हता. त्याचं बटण अडकित्त्याने सुपारी फोडल्यासारखं वाजतं. ह्यांना ते ऐकू येत नाही. पण दर वेळी दाबल्यावर मयुरीचं पेन थांबतं, हे त्यांनी पाहिलेलं.

ह्यांनी मयुरीकडे पाहिलं आणि बोट उचललं.

भाऊजींनी पुन्हा खूण केली. ह्यांनी नुसतं तिच्याकडे बोट दाखवलं. भाऊजींनी हात खाली घेतला. हरीशभाई चष्मा काढून पुसत बसले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. तिघं भाव उतरताना बघत होते.

साडेतीनला बाजार बंद झाला. थोड्या वेळाने मयुरी जागी झाली, गालावर वहीच्या रेघा उमटलेल्या.

"तुम्ही असे का बसलात? काही झालं का?"

"नाही गं," सोनावणे भाऊजी म्हणाले, "आज बाजारात काही विशेष नव्हतं."